घर बदलताना मोठं फर्निचर टेम्पोतून न्यायचंय? सारखे विचारले जाणारे प्रश्न

आमचा पुण्यात टेम्पोचा धंदा आहे, घरसामान हलवायची कामं जास्त. फोनवर रोज तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. पुण्या-मुंबईकडच्या अनुभवावरून लिहिलंय पण नाशिक, कोल्हापूर, नागपूर कुठेही फार फरक पडणार नाही. एक गोष्ट आधीच सांगतो, लोक टेम्पोच्या भाड्यावर अर्धा तास घासाघीस करतात आणि जिन्याचं माप मात्र कोणीच घेत नाही. सामान टेम्पोत अडकत नाही हो, जिन्यात अडकतं.

टेम्पो कुठला सांगू? छोट्या हत्तीत सगळं बसेल ना?

हा एक नंबरचा प्रश्न. छोटा हत्ती म्हणजे टाटा एस, २००५ ला आला तेव्हापासून निम्म्या महाराष्ट्राची घरं यानेच हलवलीत. त्याचा हौदा साधारण ७ फूट लांब आणि ५ फुटाला थोडा कमी रुंद, वजन पाऊण टनाच्या आसपास. आता गंमत अशी की क्वीन साइज गादी असते ५ बाय साडेसहा, म्हणजे ती आडवी झोपवली तर रुंदीत बसतच नाही, उभी लावावी लागते. किंग असेल तर ६ बाय साडेसहा, तीपण उभीच. वन आरकेचं सामान, किंवा एक कपाट, एक बेड, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि दहा-बारा खोकी एवढं छोट्या हत्तीत नीट लावलं तर जातं. वन बीएचके भरलेला असेल, सोफा मोठा असेल, तर पिकअप घ्या, तिचा हौदा ८ ते १० फुटांपर्यंत मिळतो आणि वजनही सव्वा-दीड टन सहज घेते. टू बीएचके म्हटलं की टाटा ४०७ किंवा १४ फुटी आयशर ट्रक.

आता लोक काय करतात, पैसे वाचवायला छोटा हत्ती घेतात आणि दोन फेऱ्या मारू म्हणतात. त्याच भागात जायचं असेल, म्हणजे कोथरूडहून वारज्याला वगैरे, तर ठीक आहे. पण हडपसरहून पिंपरीला दोन फेऱ्या म्हणजे अख्खा दिवस गेला, हमालांचे पैसे डबल, आणि दुसरी फेरी अंधारात उतरवायची. त्यापेक्षा एकच मोठी गाडी. तीनचाकी टेम्पोचं विचारू नका, एखादं कपाट नाहीतर नुसता सोफा इकडून तिकडे न्यायला तो बरा, पण घर हलवायला नाही.

फोनवर सामान सांगताना नक्की काय सांगायचं?

"थोडंच सामान आहे" हे सोडून काहीही सांगा. खरंच. प्रत्येकाचं सामान थोडंच असतं आणि मग माळ्यावरून तीन पिंपं, चार ट्रंका, एक पाळणा आणि सासूबाईंचं शिवणाचं मशीन निघतं. सगळ्यात सोपं म्हणजे मोबाईलवर घरभर फिरून व्हिडिओ काढा, माळा आणि बाल्कनी धरून, तो पाठवा. दोन्हीकडचा मजला सांगा, लिफ्ट आहे का सांगा, गाडी बिल्डिंगच्या किती जवळ येते ते सांगा. गेटपासून बिल्डिंग लांब असेल तर तेवढं सामान हातावर न्यावं लागतं, मग हमाल जास्तीचे पैसे मागणारच, आणि त्यांचं काही चुकत नाही.

माप कसं घ्यायचं? मी तर सोफ्याची लांबी मोजलीय.

नुसती लांबी मोजून काही कळत नाही. उलटीकडून सुरू करा, म्हणजे नव्या घराच्या ज्या खोलीत वस्तू ठेवायचीय तिथून मागे मागे या. खोलीचा दरवाजा, पॅसेज, मुख्य दरवाजा, लिफ्टचं दार, जिन्याचा वळणाचा चौक, गेट. यातली सगळ्यात अरुंद जागा कुठली ते बघा, बाकीच्यांची काळजी नको. दरवाजा मोजताना चौकटीच्या आतून आतून मोजा, आणि दार पूर्ण उघडत नसेल, मागे भिंत किंवा शू रॅक असेल, तर तेवढी जागा वजा करा. बहुतेक वेळा मुख्य दार ३ फूट किंवा जास्त असतं पण बेडरूमचं अडीचच निघतं आणि तिथेच गाडी अडते.

सोफा तीन सीटचा असेल तर तो आडवा न नेता एका टोकावर उभा करून दारातून वळवत नेतात, आधी पाठ आत, मग बूड फिरवायचं. त्यासाठी दाराच्या पलीकडे जागा लागते, दारासमोर लगेच भिंत असेल तर जमत नाही. पाय काढता येतात का बघा, बऱ्याच सोफ्यांचे पाय नुसते फिरवून निघतात आणि तेवढ्या ३-४ इंचात काम होऊन जातं. रिक्लायनरची पाठ वेगळी निघते, मागचं कापड उचलून बघा, खाली दोन्ही बाजूला छोटे खटके असतात, ते दाबून पाठ वर ओढायची. हे माहीत नसल्यामुळे लोक आख्खा रिक्लायनर उचलून कंबर धरून बसतात.

आणि उंच कपाटाचं गणित वेगळं. ८ फूट उंच आणि २ फूट खोल कपाट आडवं आत नेलं, आता उभं करताना ते तिरकं होतं ना, तेव्हा त्याला सव्वाआठ फूट उंची लागते. नव्या घरात फॉल्स सीलिंग केलं असेल तर खोलीची उंची मोजून ठेवा, नाहीतर कपाट आत जाईल आणि उभंच राहणार नाही.

लिफ्टमधून कपाट जाईल का?

लिफ्टमध्ये पाटी असते, ८ माणसं ५४४ किलो, ६ माणसं ४०८ किलो अशी. माणशी ६८ किलोचा हिशोब असतो तो. वजनाचा प्रश्न सहसा येत नाही, प्रश्न येतो दाराच्या उंचीचा. लिफ्टचं दार साधारण २ मीटर, म्हणजे साडेसहा फुटाच्या जरा वर. गोदरेजचं जुनं मोठं लोखंडी कपाट साडेसहा फुटाचं असतं. म्हणजे ते सरळ उभं सरकवत नेलं तरच जातं, जरा जरी तिरकं केलं की उंची वाढली आणि वर आपटलं. खाली जुना गालिचा किंवा गोणपाट टाका आणि ओढा. पण आधी सोसायटीला विचारा, बऱ्याच सोसायट्यांत फर्निचरसाठी लिफ्ट द्यायची की नाही यावरून वाद असतात, काही ठिकाणी सर्व्हिस लिफ्टच वापरायला लावतात, काही ठिकाणी डिपॉझिट घेतात, सामान चढवा-उतरवायची वेळ ठरलेली असते. नव्या सोसायटीचं पत्र आणि वेळ आदल्या दिवशीच मिळवा, गेटवर टेम्पो उभा करून सेक्रेटरीला फोन लावत बसू नका, वेटिंग चार्ज तुम्हालाच लागतो.

अजून एक, नवीन टॉवरमध्ये गाडी पोडियमखालून, म्हणजे बिल्डिंगच्या पार्किंगच्या स्लॅबखालून जाते, तिथे उंचीचा आडवा दांडा असतो. छोटा हत्ती जातो, बंद कंटेनर गाडी जात नाही. वॉचमनला विचारून ठेवा.

बेड खोलायलाच लागतो का? तसाच नाही नेता येणार?

खोला. वाद नको. आपल्याकडचे प्लायवूडचे बॉक्स बेड बहुतेक दोन पेट्यांचे असतात, मधे नटबोल्टने जोडलेले, हेडबोर्ड वेगळा. सुताराने नीट केलेला असेल तर निवांत खोलून होतो. खोलायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, कुठला बोल्ट कुठे होता तेही. प्रत्येक भागावर आतल्या बाजूला खडूने किंवा मार्करने लिहा, डावी पेटी, उजवी पेटी, पायथा. स्क्रू एका पिशवीत घालून ती पिशवी त्याच बेडच्या आतल्या बाजूला टेपने चिकटवा. खिशात ठेवू नका, "सेफ जागी" तर अजिबात ठेवू नका.

हायड्रॉलिक बेड असेल तर थोडं सांभाळून. त्या पिस्टनमध्ये दाबलेला गॅस असतो आणि तो गादीचं वजन धरून बसवलेला असतो, गादी काढली की फळी जोरात वर येते. पिस्टन काढायचाच तर फळी पूर्ण वर असताना, एका माणसाने फळी धरलेली असताना, मगच काढायचा. खाली दाबून ठेवलेल्या अवस्थेत काढायला गेलात तर हात जायचा.

आता ऑनलाइन घेतलेलं फर्निचर, म्हणजे पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफचं, याचं सगळंच उलटं आहे. त्याचे स्क्रू एकदा काढले की भोक भुसभुशीत होतं, परत लावल्यावर पकड तशी बसत नाही, दुसऱ्यांदा खोललं की डगमगतं आणि तिसऱ्यांदा मोडतं. म्हणून असलं छोटं युनिट, टीव्ही युनिट, शू रॅक, न खोलता नेता येत असेल तर तसंच न्या. मोठं वॉर्डरोब असेल तर नाईलाज, खोलावंच लागेल, पण मग खोलणाराच माणूस जोडायला हवा, आणि ढिल्या भोकात फेव्हिकॉल लावून काडी ठोकून मग स्क्रू मारायचा. ही जुन्या सुतारांची पद्धत, चालते.

लोखंडी कपाट कपड्यांसकट नेलं तर चालेल ना? कशाला रिकामं करायचं?

नाही चालत. कपडे हलके वाटतात तुम्हाला, साड्यांचा एक कप्पा उचलून बघा. भरलेलं कपाट तिरकं केलं की आतलं सगळं एका बाजूला येतं, दार वाकतं, मग नव्या घरी गेल्यावर ते दार लागतच नाही आणि तुम्ही म्हणता टेम्पोवाल्याने कपाट वाकडं केलं. रिकामं करा, आतले कप्पे सुटे असतील तर काढा, तिजोरीचा कप्पा स्वतः रिकामा करा आणि ते सामान स्वतःच्या पिशवीत, स्वतःच्या हातात. दागिने, पैसे, घराची कागदपत्रं, पासपोर्ट टेम्पोत द्यायचे नाहीत, आमच्यावर विश्वास असला तरी नाही. दार बंद करून कुलूप लावा आणि किल्ली काढून घ्या, किल्ली दाराला राहिली तर वळणावर कठड्याला आपटून आतच मोडते. वरून गोल दोरी मारायची म्हणजे दार उघडत नाही.

नव्या घरी कपाट जागेवर ठेवल्यावर दार घासत असेल तर घाबरू नका, फरशी सपाट नसते. पुढच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घाला, बऱ्याचदा तेवढ्याने सुटतं.

गुंडाळायला काय वापरू? बबल रॅप किती आणू?

बबल रॅपला पैसे घालवायची गरज काचेपुरतीच आहे. लाकडाला सगळ्यात चांगलं म्हणजे जुन्या चादरी, गोधड्या, सतरंज्या, त्यावरून दोरी. कोपऱ्यांना पुठ्ठा. दुकानात पुठ्ठ्याचा रोल मिळतो तो बरा पडतो. पण एक लक्षात ठेवा, टेप थेट पॉलिशवर मारायचा नाही, काढताना पॉलिशसकट निघतो, आणि सनमायकावर डिंक राहतो तो वेगळाच. तसंच प्लास्टिक थेट पॉलिशच्या लाकडाला गुंडाळू नका, उन्हात आत घाम धरतो आणि पांढरट डाग येतात. आधी कापड, मग प्लास्टिक.

गादीला मात्र प्लास्टिकचं कव्हरच हवं. टेम्पोचा हौदा आदल्या दिवशी सिमेंट घेऊन गेला असेल, कोंबड्या घेऊन गेला असेल, कुणाला माहीत.

ड्रेसिंग टेबलचा आरसा, शोकेसची काच?

आरसा सुटा होत असेल तर काढा. काचेवर टेपने फुली मारा, दोन्ही बाजूंनी पुठ्ठा, आणि टेम्पोत नेहमी उभी ठेवायची, आडवी कधीच नाही. आडव्या काचेवर कोणीतरी पिशवी ठेवतोच. दोन गाद्यांच्या मधली जागा काचेला बेस्ट. डायनिंग टेबलची जाड काच एकट्याने उचलू नका, ती ओल्या हातातून सटकते.

टेम्पोत आधी काय चढवायचं?

हे हमालांना माहीत असतं, पण तुम्ही अ‍ॅपवरून गाडी बोलावून मित्रांना घेऊन स्वतः भरणार असाल तर वाचा. जड आणि उंच ते केबिनकडे, म्हणजे कपाट, फ्रिज. कपाटाची पाठ केबिनकडे, तोंड मागे. ब्रेक लागला की सगळं सामान पुढे ढकललं जातं, म्हणून पुढे जे असेल ते भक्कम हवं. मग बेडच्या पेट्या आणि फळ्या हौद्याच्या कडेला उभ्या, गाद्या त्यांच्या आणि कपाटाच्या मधे, म्हणजे गादीच पॅकिंगचं काम करते. सोफा शक्यतो एका टोकावर उभा, जागा वाचते, पण त्याखाली चादर टाका नाहीतर हाताचं कापड फाटतं. मधल्या पोकळ्यांत उशा, कपड्यांची गाठोडी. खोकी सगळ्यात शेवटी नाही, मधे भरायची, पुस्तकांची खाली आणि भांड्यांची वर. फाळक्याजवळ, म्हणजे हौद्याच्या मागच्या उघडणाऱ्या बाजूला, हलकं सामान, खुर्च्या, बादल्या.

वजन डावी-उजवीकडे सारखं राहिलं पाहिजे. छोट्या हत्तीत एका बाजूला कपाट आणि दुसऱ्या बाजूला नुसत्या उशा असं केलं तर वळणावर ड्रायव्हरला कळतं, मागून येणाऱ्यालाही कळतं.

शहरात कपाट उभं नेलं तरी चालतं, पण वर बघा, हौदा जमिनीपासून उंच, त्यावर साडेसहा फुटाचं कपाट, म्हणजे गल्लीतल्या केबलच्या वायरी आणि गुलमोहराच्या फांद्या. घाटातून जायचं असेल तर कपाट पाठीवर आडवं झोपवा, खाली गादी.

दोरी कशी बांधायची?

नुसती वरून एक दोरी टाकून दोन्ही कडेला बांधली याला बांधणं म्हणत नाहीत. प्रत्येक उंच वस्तू वेगळी बांधायची, हौद्याच्या हुकाला, दोन उंचीवर. एक कमरेच्या उंचीला आणि एक वरच्या भागात. नायलॉनची दोरी ताणते, थोडं अंतर गेलं की सैल होते, म्हणून पाच-दहा किलोमीटरवर गाडी थांबवून परत ताणून घ्यायची, लांबच्या रस्त्याला तर नक्की. लाकडाच्या कडेवरून दोरी जाते तिथे पुठ्ठा घाला, नाहीतर कडेला कायमची खाच पडते. रॅचेटवाला पट्टा असेल तर उत्तम पण तो जोशात इतका आवळू नका की सोफ्याची फ्रेमच कड्कन मोडेल.

फळ्या मागून बाहेर आल्या तर लाल फडकं बांधून चालतं ना?

लाल फडकं बांधल्याने फळी कायदेशीर होत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात सामान हौद्याच्या बाहेर काढलं तर दंड २० हजार आहे, ओव्हरलोडला पण २० हजार आणि वर जास्तीच्या प्रत्येक टनाला २ हजार. दरवेळी पोलीस पकडतो असं नाही, पण पकडलं तर ड्रायव्हर तो दंड तुमच्याकडेच मागणार. फळ्या तिरक्या लावा, नाहीतर मोठी गाडी घ्या.

आम्ही मागे सामानाबरोबर बसून येऊ का? कपाट धरायला?

नाही. कपाट तुमच्यावर पडलं तर तुम्ही ते धरणार नाही, तेच तुम्हाला धरेल. सामानाचा मालक म्हणून एकाने ड्रायव्हरशेजारी केबिनमध्ये बसायचं, बाकीच्यांनी रिक्षाने, बसने, आपल्या गाडीने या. आजी-आजोबांना आधीच कुणाच्या तरी घरी पाठवा.

पावसाळ्यात शिफ्टिंग करायचंय, काय करू?

टाळता आलं तर टाळा. नाही टाळता येत हे मला माहीत आहे, अकरा महिन्यांचा करार जुलैत संपतो आणि मालक ऐकत नाही. मग बंद बॉडीची गाडी घ्या. ती नसेल तर ताडपत्री कुणाची ते आधी ठरवा आणि ती फाटकी नाही ना हे डोळ्यांनी बघा. ताडपत्री दोरीने पूर्ण आवळायची, नाहीतर वाऱ्याने फुगते आणि खाली पाणी साचतं. पार्टिकल बोर्ड ओला झाला की फुगतो, आणि तो परत कधीच बसत नाही. प्लायवूडचं तसं बरं, पण कडा पुसून घ्या. घरी पोचल्यावर गुंडाळलेलं सगळं त्याच दिवशी सोडा, ओल आत राहिली की बुरशी.

फ्रिज आडवा नेला तर बिघडतो का?

उभाच न्या. फारच नाईलाज झाला आणि आडवा करावा लागला तर नव्या घरी तो उभा करून काही तास तसाच ठेवायचा, लगेच चालू करायचा नाही, कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं ते परत खाली यायला वेळ लागतो. फ्रंट लोड वॉशिंग मशीनला मागे ट्रान्झिट बोल्ट, म्हणजे आतला ड्रम हलू न देणारे बोल्ट, लावायचे असतात, विकत घेताना आलेले, ते कुठे ठेवलेत ते आज शोधा.

हमाल किती लागतील? मित्र आहेत चार.

मित्र खोक्यांसाठी. कपाटाला आणि जिन्याला सवयीची माणसं हवीत. जिन्यात खालच्या माणसावर सगळं वजन येतं, तिथे ताकदीपेक्षा सवय लागते, कधी टेकवायचं, कधी वळवायचं, कोण बोलणार आणि कोण ऐकणार. वन बीएचकेला तीन माणसं, टू बीएचकेला चार, लिफ्ट नसेल तर एक वाढवा. पैसे मजल्यावर ठरतात, ते आधी बोलून घ्या, "बघू नंतर" म्हणू नका. चहा-पाणी द्या हो, दुपारचं जेवण आलं तर वडापाव तरी.

सोसायटीच्या गेटवर माणसं येऊन माथाडीच्या नावाने पैसे मागतात, द्यायचे का?

हे पुण्यात बऱ्याच जणांना भोगावं लागतं. आधी एक सांगतो, माथाडी कायदा हा हमालांनी लढून मिळवलेला आहे, १९६९ चा, अण्णासाहेब पाटलांचं नाव त्यामागे आहे, आणि पाठीवर ओझी वाहणाऱ्या माणसाला मजुरी, पीएफ, दवाखाना मिळावा यासाठी तो केला. त्याचा मान आहेच. पण तुमच्या कपाटाला हातही न लावता "आमचा एरिया आहे" म्हणून पैसे मागणं याचा त्या कायद्याशी काही संबंध नाही. आपलं घरचं सामान आपल्या माणसांनी उतरवायला कोणी अडवू शकत नाही. शांतपणे ओळखपत्र मागा, कुठल्या मंडळाचे ते विचारा, पावती मागा. आवाज चढला तर ११२ ला फोन. मारामारी करायची नाही, आणि ड्रायव्हरला पुढे करू नका, त्याला रोज त्याच भागात यायचं असतं.

अ‍ॅपवरून टेम्पो घेऊ की ओळखीचा?

सामान थोडं, अंतर कमी, माणसं घरची असतील तर अ‍ॅप बरं. पण अ‍ॅपचं भाडं बहुतेक वेळा गाडी आणि ड्रायव्हरचं असतं, चढवणं-उतरवणं वेगळं, आणि फुकट थांबायचा वेळ संपला की मीटर चालू. बेड खोलून, सामान खाली आणून ठेवून मग गाडी बोलवा. नंबरप्लेट पिवळी आहे ना बघा, पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने चालवणं नियमात बसत नाही आणि काही झालं तर विमा हात वर करतो.

पॅकर्स-मूव्हर्स घेणार असाल तर एकच सल्ला, जो सगळ्यात स्वस्त सांगतो त्याला सोडा. फोनवर कमी आकडा सांगायचा, सामान गाडीत चढलं की दुप्पट मागायचे आणि पैसे दिल्याशिवाय सामान उतरवायचं नाही, हा प्रकार सर्रास चालतो. मोठ्या कंपनीसारखंच नाव ठेवलेले पण असतात. लेखी कोटेशन, जीएसटी नंबर, ऑफिसचा खरा पत्ता, सामानाची यादी सहीसकट, आणि सगळे पैसे आधी कधीच नाही.

पुण्याहून मुंबईला न्यायचंय, एक्सप्रेसवेने का जुन्या हायवेने?

चारचाकी टेम्पो असेल तर एक्सप्रेसवे, तीनचाकीला तिथे बंदीच आहे. टोल धरून भाडं की टोल वेगळा हे आधी विचारा, १ एप्रिल २०२३ ला टेम्पोचा टोल ४९५ रुपये झाला, कारचा ३२०, आणि गाडी रिकामी परत येणार असेल तर परतीचाही तुमच्याकडून धरतात. दोन्ही शहरांत मोठ्या गाड्यांना गर्दीच्या वेळी बऱ्याच रस्त्यांवर बंदी असते, आयशर घेतलीत तर पहाटे निघा. बोरघाट उतरताना सामान सगळं पुढे येतं, म्हणून लोणावळ्याला चहाला थांबाल तेव्हा दोऱ्या बघा, मग चहा.

दुसऱ्या राज्यात, बंगलोर, हैदराबाद, इंदूरला न्यायचं तर कागद कुठले?

वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल, म्हणजे जीएसटीचा माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद, लागत नाही, नियमातच सूट आहे. पण चेकपोस्टवर दाखवायला सामानाची यादी, त्यात जुनं वापरलेलं असं लिहून सही, आधारची झेरॉक्स, जमलं तर बदलीचं पत्र किंवा नवीन भाडेकरार, एवढं ड्रायव्हरकडे द्या. पॅक न फोडलेलं नवं कोरं फर्निचर त्यात घुसवू नका, त्याचं बिल वेगळं लागतं. एवढ्या लांब जाताना सामानाचा ट्रान्झिट विमा घ्या आणि चढवायच्या आधीचे फोटो ठेवा.

कधी स्वस्त पडतं?

पितृपक्षात. कोणी घर बदलत नाही, सगळे टेम्पो रिकामे. अमावस्येलाही तसंच. दसरा, अक्षय तृतीया, मे महिना, आणि कुठल्याही महिन्याचा शेवटचा शनिवार-रविवार, तेव्हा गाडी मिळाली तरी नशीब. शुभ दिवसच हवा असेल तर त्या दिवशी कलश, देव आणि दुधाची पिशवी घेऊन जाऊन दूध उतू घाला, आणि फर्निचर आदल्या मंगळवारी न्या. देव टेम्पोत देऊ नका, मांडीवर न्या, लाकडी देव्हारा मात्र रिकामा करून सोफ्याच्या सीटवर बांधला की छान जातो.

आजोबांचा शिसवी पलंग आणि झोपाळा वाड्यातून काढायचाय.

हे काम मला आवडतं पण घाईत होत नाही. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेतल्या बोळात टेम्पो आत जातच नाही, बोळाच्या तोंडापर्यंत हातगाडी, तिथून टेम्पो. वाड्याचा लाकडी जिना अरुंद आणि वर डोक्याला लागणारी तुळई, म्हणजे पलंग खोलल्याशिवाय खाली येणारच नाही. जुन्या पलंगाला स्क्रू नसतात, खुंट्या आणि पाचरी असतात, त्या लाकडी हातोडीने उलट्या बाजूने हलके ठोकत काढायच्या, लोखंडी हातोडी थेट मारली की शिसव फुटतं. पाचरी फेकू नका, त्या त्या सांध्याच्या असतात, नंबर घालून ठेवा. झोपाळ्याच्या पितळी कड्या काढून कपड्यात वेगळ्या गुंडाळा, पाटाबरोबर ठेवल्या तर पाटावर ओरखडे.

आणि नव्या फ्लॅटमध्ये झोपाळ्याचे हुक कुठे मारणार? फॉल्स सीलिंगमध्ये नाही, स्लॅबमध्येच, तेपण माहितगाराला दाखवून. हे आधी विचारा, मग झोपाळा हलवा.

जिन्यातून जात नाहीये, बाल्कनीतून दोरीने चढवू का?

दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यापर्यंत चाळीत, जुन्या बिल्डिंगमध्ये करतात लोक. हे काम येणारी माणसं असतील, खाली रस्ता मोकळा ठेवता येत असेल, आणि ग्रिल काढता येत असेल तरच. रेलिंगला दोरी बांधून ओढायचं नाही, रेलिंग त्यासाठी नसतं. नाहीतर सुतार बोलवा, कपाट मधून कापून दोन भागांत आत नेऊन परत जोडतात, सनमायकाची रेघ दिसते थोडी, पण काम सुरक्षित.

सोफा दहा वर्षांचा आहे, नेऊ का विकू?

भाडं, हमाल, गुंडाळणं धरून त्याच्या वाट्याला किती खर्च येतो बघा आणि जुन्या बाजारात त्याचे किती येतात ते विचारा. सागवानी असेल तर न्या, नुसतं कापड बदललं की पुढची वीस वर्षं. स्पंजचा दबलेला, पार्टिकल बोर्डाच्या फ्रेमचा असेल तर शेजारच्या कुणाला किंवा वॉचमनला विचारा. पण न विचारता जिन्याखाली सोडून जाऊ नका, नवीन भाडेकरू आम्हालाच फोन करतो, तो हलवायला.

पोचल्यावर आधी काय जोडायचं?

बेड. बाकी सगळं उद्या.